मुंबईहून पहिल्यांदा बर्फात ट्रेकला जाताना

पहाटे पाच वाजता ज्या उतारावर बूट टिकत नाही, त्याच उतारावर दुपारी दोन वाजता पाय गुडघ्यापर्यंत रुततो. डोंगर तोच, वाट तीच, मधे फक्त ऊन पडून गेलेलं असतं. सह्याद्रीत वर्षानुवर्षं फिरलेल्या माणसाला हे पटकन पचत नाही. नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड सकाळी जसा असतो तसाच संध्याकाळी असतो. पावसाळ्यात शेवाळं धरतं, उन्हाळ्यात घसारा सुटतो, पण ते बदल ऋतूंचे. बर्फाची वाट तासातासाला बदलते. म्हणून सामानाची यादी इथे मी थोडक्यात उरकणार आहे. बर्फ कसा ओळखायचा आणि कुठल्या वेळी त्यावर कसं चालायचं, यावर जास्त बोलणार आहे.

उदाहरणासाठी केदारकंठा समोर धरू, कारण मुंबईतून पहिल्यांदा बर्फात जाणारे बरेच जण तिथेच जातात. उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यात, गोविंद पशुविहार अभयारण्याच्या हद्दीत हे शिखर आहे. उंची साधारण ३८०० मीटर, म्हणजे साडेबारा हजार फूट. पायथ्याचं सांकरी गावच कळसूबाईपेक्षा उंचावर आहे, आणि कळसूबाई १६४६ मीटर म्हणजे आपल्या राज्याचं छप्पर. एवढं लक्षात घेतलं की पुढच्या बऱ्याच गोष्टी आपोआप कळतात.

कुठे, कधी, आणि सुट्टी किती

केदारकंठ्याखेरीज लोहाजंगहून जाणारा ब्रह्मताल, रैथल किंवा बार्सूहून जाणारा दयारा बुग्याल हे ट्रेकही पहिल्या हिवाळ्याला चालतात. वेळ फारच कमी असेल तर मसुरीपलीकडचा नागटिब्बा आहे, ३०२२ मीटरचा. गोठलेल्या झांस्कर नदीवरचा चादर ट्रेक पहिला ट्रेक म्हणून करू नका, समाजमाध्यमांवर फोटो कितीही छान दिसोत.

हिमालयाच्या या भागात हिवाळ्यातला बर्फ पश्चिमी झंझावातांमुळे पडतो. भूमध्य समुद्राकडून ओलावा घेऊन येणाऱ्या या प्रणाली एकामागून एक येत राहतात, आणि दोन झंझावातांच्या मधे निरभ्र, कडक थंडीचे दिवस मिळतात. डिसेंबरच्या सुरुवातीला कधी कधी नुसतं पिवळं गवतच बघायला मिळतं. जानेवारी-फेब्रुवारीत बर्फ भरपूर असतो. मार्चमध्ये वर बर्फ टिकून असतो, पण दिवसा लवकर मऊ पडतो.

नाताळ ते नवं वर्ष हा आठवडा मात्र टाळता आला तर टाळा. मुलांच्या शाळेला सुट्टी असते आणि ऑफिसातही रजा मिळते, हे मान्य. पण त्याच हिशोबाने देशभरातून माणसं येतात. शेकडो बुटांखाली दाबली गेलेली वाट रात्री गोठते, दुसऱ्या दिवशी पुन्हा तुडवली जाते, आणि तीन-चार दिवसांत ती गुळगुळीत बर्फाची पट्टी होते. गर्दीचा खरा त्रास हा आहे. तंबूंची दाटी त्यापुढे किरकोळ. जानेवारीचा मधला पंधरवडा मला सगळ्यात बरा वाटतो.

देहरादून ते सांकरी साधारण दोनशे किलोमीटर आहे, पण मसुरी, नौगाव, पुरोला, मोरी, नेटवाड असं वळणावळणाने जायला आठ ते दहा तास लागतात. बर्फ पडला की हा रस्ता बंदही होतो. ट्रेक संपतो त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळचं परतीचं विमान काढून ठेवणं हा मुंबईकरांचा खास लाडका प्रकार आहे. तसं करू नका, एक दिवस मोकळा ठेवा. तो मोकळा दिवस नसला की वर हवा बिघडली तरी माणूस ‘आजच शिखर गाठायचं’ म्हणून हटून बसतो.

एखाद्या संस्थेबरोबर जाणार असाल तर पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारा. किती जणांमागे एक गाईड? स्पाइक्स (बुटाखाली लावायचे धातूचे दात) आणि गेटर्स (बुटावरून पोटरीपर्यंतचं आवरण) तुम्ही देता की भाड्याने घ्यायचे? कोणी आजारी पडलं तर त्याच्याबरोबर खाली कोण उतरणार? आणि बर्फवृष्टी सुरू झाली तर शिखराच्या दिवसाचा निर्णय कोण घेतं? शेवटच्या प्रश्नाला ‘बघू, जाऊ आरामात’ असं उत्तर आलं तर दुसरी संस्था शोधा.

मुंबईत आधीचे दोन महिने

मुंबईत बर्फाचा सराव होत नाही. मॉलमधल्या स्नो पार्कात थंडी वाजते आणि फोटो निघतात, बाकी काही शिकायला मिळत नाही. करता येतो तो पायांचा आणि दमाचा सराव. आठवड्यातून तीन-चार दिवस इमारतीचे जिने चढा आणि, मुख्य म्हणजे, उतरा. लिफ्टने खाली येऊ नका. उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंवर जो ताण येतो तोच बर्फात तुम्हाला तोलून धरणार आहे. पाठीवरच्या सॅकमध्ये पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवा, सुरुवातीला चार किलो, मग वाढवत आठपर्यंत न्या.

रविवारी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीपर्यंत भराभर चालत जा. महिन्यातून एक-दोन वेळा लांबचा ट्रेक करा: कोंडिवड्याकडून राजमाची, खांडसहून भीमाशंकर, बारीहून कळसूबाई. तिथेच ट्रेकिंग काठ्या वापरायची सवय लावून घ्या. सह्याद्रीत काठी म्हातारपणाची खूण मानणारे खूप आहेत. बर्फात दोन काठ्या म्हणजे दोन जादा पाय असतात, आणि ते पाय वापरायला हात शिकलेले असावे लागतात.

दमा, रक्तदाब, हृदयाचा त्रास, मधुमेह यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना आधी भेटा. उंचीवरच्या त्रासासाठी डायमॉक्स घ्यायची का, किती, कधी, हेही त्यांनाच विचारा. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी ते आवर्जून सांगायचं.

बूट आणि स्पाइक्स

सह्याद्रीत आपण जे स्वस्त, रबरी तळाचे बूट वापरतो ते कातळावर उत्तम पकड देतात. बर्फात त्यांचं कापड तासाभरात भिजतं आणि थंडीने तळ कडक होऊन घसरू लागतो. घोट्याच्या वर येणारे, पाणी आत न घेणारे, जाड आणि खोल नक्षीच्या तळाचे बूट हवेत. जाड लोकरी मोजा घालून बोटं हलली पाहिजेत, त्यामुळे नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे घ्या. बूट करकचून बसला की रक्तप्रवाह कमी होतो आणि बोटं सर्वांत आधी गार पडतात. डेकॅथलॉनमधून नवे घेणार असाल तर निघायच्या आदल्या आठवड्यात नका घेऊ. घरी, ऑफिसात, लोकलमध्ये, ट्रेकला, सगळीकडे घालून ते आधी पायात मुरवा.

बुटाच्या तळाला लावायच्या साखळीदार दातांच्या पट्ट्यांना बाजारात मायक्रोस्पाइक्स म्हणतात. सांकरीत आणि ट्रेकिंग संस्थांमध्ये त्यांनाच सर्रास ‘क्रॅम्पॉन’ म्हणतात, त्यामुळे गोंधळू नका. खरे क्रॅम्पॉन लांब दातांचे, कडक तळाच्या गिर्यारोहणाच्या बुटांना बांधायचे असतात. तुम्हाला त्यांची गरज नाही. भाड्याने स्पाइक्स घेताना रबर ताणून पाहा, चिरलेलं असेल तर बदलून मागा. साखळीची एखादी कडी उघडी आहे का तेही बघा. आणि खोलीवर बसून, हातमोजे घालून, ते चढवायचा आणि काढायचा सराव करा. वर गोठलेल्या बोटांनी हे पहिल्यांदा करायला गेलात की सगळी तुकडी तुमच्यासाठी ताटकळत उभी राहते.

गेटर्स म्हणजे बुटावरून पोटरीपर्यंत चढवायचे कापडी आवरण. ते नसेल तर बर्फ बुटाच्या तोंडातून आत जातो, वितळतो, आणि पाय दिवसभर ओला राहतो. काठ्यांच्या टोकावरच्या रबरी टोप्या काढून टाका, खालचं धातूचं टोक बर्फात रुतायला हवं. काठीला रुंद चकती लावून घ्या, नाहीतर मऊ बर्फात काठी मुठीपर्यंत आत जाते.

कपडे: घाम हा शत्रू

मुंबईचा माणूस थंडीच्या नुसत्या कल्पनेने असेल नसेल ते सगळं अंगावर चढवतो आणि अर्ध्या तासात घामाघूम होतो. चालणं थांबलं की तोच घाम थंड पडून अंग गोठवायला लागतो. पाणी हवेपेक्षा वीसपटींहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेतं, त्यामुळे ओला कपडा अंगावर असण्यापेक्षा कमी कपडे परवडले. सुती बनियन, सुती टी-शर्ट, जीन्स यांतलं काहीही नेऊ नका. सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि त्या थंडीत वाळत नाही.

अंगालगत लोकरी किंवा सिंथेटिक थर्मल, त्यावर फ्लीस, सर्वांत वर वारा आणि पाणी अडवणारं जॅकेट. पिसांचं जाड जॅकेट चालताना घालायचं नाही. ते थांबल्यावर, मुक्कामाच्या तळावर आणि पहाटेच्या सुरुवातीला. पावसाळ्यातला आपला विंडचीटर वारा अडवतो खरा, पण घाम आत कोंडतो. तोच नेणार असाल तर काखेपाशी किंवा पुढून चेन उघडी ठेवून चाला. निघताना थोडी थंडी वाजली पाहिजे, मग कपडे बरोबर घातलेत असं समजा.

हातमोजे दोन थरांचे: आतले पातळ, बाहेरचे पाणी न शोषणारे. शिवाय आतल्यांचा एक जादा जोड, कारण बर्फात खेळण्याचा मोह कोणालाही आवरत नाही आणि मग दिवसभर ओल्या हातांनी चालावं लागतं. आजीची माकडटोपी खुशाल घ्या, तिची थट्टा वर कोणी करत नाही.

गॉगल हवाच, आणि तो शोभेचा नको. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परावर्तित करतो, आणि दर हजार मीटर उंचीमागे ही किरणं साधारण १० टक्क्यांनी वाढतात. उघड्या डोळ्यांनी दिवस काढलात तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यागत खुपतं, पाणी वाहतं, उघडवत नाहीत. चष्मा लावणाऱ्यांनी नंबरचा गॉगल करून घ्यावा किंवा चष्म्यावर बसणारा घ्यावा. सनस्क्रीन लावताना हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या खालच्या बाजूलाही लावा, कारण ऊन खालूनही येत असतं.

बर्फ कसा ओळखायचा

इथून पुढचं नीट वाचा.

नुकता पडलेला कोरडा बर्फ भुसभुशीत असतो. त्यात पाय रुततो, दमछाक होते, पण घसरायला फारसं होत नाही. त्याखाली काय दडलंय हे दिसत नाही, हा त्याचा धोका. दगडांमधल्या फटी, झाडाच्या बुंध्याभोवतीची पोकळी, बारका ओढा, सगळं वरून सारखंच पांढरं दिसतं. म्हणून ताज्या बर्फात पुढच्याच्या पावलात पाऊल टाकायचं आणि झाडांच्या बुंध्यांपासून, मोठ्या खडकांपासून थोडं लांब राहायचं.

दुसरा प्रकार तुडवलेल्या वाटेचा. दुपारच्या उन्हात वरचा थर पाघळतो. रात्री आकाश निरभ्र असेल तर जमिनीतली उष्णता निघून जाते आणि तो थर कडक गोठतो. पहाटे तो दगडासारखा टणक असतो, स्पाइक्स घातले की त्यावर चालायला मजा येते. पण रात्री ढग असतील तर थर पुरता गोठत नाही, आणि सकाळी वरून कडक, आतून मऊ असं फसवं कवच मिळतं: दहा पावलं टिकतं, अकराव्याला कंबरेपर्यंत आत. तेव्हा पहाटे तंबूबाहेर आलात की आधी आकाश बघा. चांदण्या लखलखत असतील तर वाट कडक आहे.

तिसरा प्रकार सर्वांत वाईट: पारदर्शक, पातळ बर्फ. ओढ्याच्या काठी, झऱ्याचं पाणी वाटेवरून वाहतं तिथे, फांद्यांवरून थेंब पडून गोठतात तिथे तो असतो. खालचा दगड, माती, पानं त्यातून स्पष्ट दिसतात, म्हणून कोरडी जमीन समजून पाय टाकला जातो. अशी जागा उन्हात क्वचित, सावलीत हमखास. देवदारांचं जंगल, उत्तरेकडचा उतार, डोंगराच्या कुशीतली वळणं, इथे दिवसभर ऊन पोचत नाही. उघड्यावरून जंगलात शिरताना वेग आपोआप कमी झाला पाहिजे.

ओळखायची सोपी रीत अशी: मळकट किंवा दुधी पांढरं असेल तर पकड मिळते. चकाकत असेल, करडं किंवा निळसर असेल तर नाही. शंका आली तर काठीचं टोक आपटा. खुसफुसत आत गेलं तर चाला, टणकन आवाज करून उसळलं तर स्पाइक्स चढवा. स्पाइक्स नेहमी वाट निसरडी व्हायच्या आधी, सपाट जागी बसून घालायचे. निसरड्या उतारावर अडकल्यानंतर एका पायावर उभं राहून ते घालता येत नाहीत.

गोठलेल्या तळ्यावर उभं राहून फोटो काढायचा नाही. केदारकंठ्याच्या वाटेवरच्या जुडा का तालाब या तळ्यावर माणसं उतरतात, उड्याही मारतात. बर्फ किती जाड आहे हे काठावरून कळत नसतं. गाईडने हो म्हटल्याशिवाय पाय ठेवू नका.

हिमस्खलनाबद्दल थोडंसं. साधारण ३० ते ४५ अंशांचे उघडे उतार, आणि मोठ्या बर्फवृष्टीनंतरचे पहिले एक-दोन दिवस, ही सर्वांत धोकादायक जोडी. लोकप्रिय ट्रेकच्या वाटा बहुतांशी जंगलातून आणि दांड्यांवरून जातात, पण ताज्या बर्फानंतर ‘इकडून जवळ पडतं’ म्हणून कोणी आडवा उघडा उतार कापायला सांगितला तर नकार द्या. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा शिखराजवळ उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची प्रशिक्षणार्थींची तुकडी हिमस्खलनात सापडली आणि पंचवीसहून अधिक जण गेले. ती सगळी तयारीची माणसं होती. निघण्याआधी हवामान खात्याचा उत्तराखंडसाठीचा अंदाज रोज बघत जा. चंडीगडची डीजीआरई ही संरक्षण संशोधन संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, तेही बघा.

पाऊल कसं टाकायचं

कातळावर आपण टाच आधी टेकवतो आणि लांब ढांगा टाकतो. इथे पाऊल लहान, गुडघे किंचित वाकलेले, आणि पूर्ण तळवा एकदम सपाट खाली. स्पाइक्सचे सगळे दात एकाच वेळी टेकले पाहिजेत. अंगाचा भार पायाच्या बरोबर वर ठेवा.

मऊ बर्फात चढताना बुटाचं पुढचं टोक उतारात हलकेच मारून खाच करायची, तीत भार द्यायचा, मग दुसरा पाय. चढ तीव्र असेल तर नागमोडी चढा. वाट अरुंद असेल तर दोन काठ्यांपैकी डोंगराकडची आखूड धरा.

उतरताना मात्र सह्याद्रीची सवय अंगाशी येते. घसाऱ्यावर आपण मागे रेलतो, वेळ पडली तर बसून घेतो. गोठलेल्या बर्फावर मागे रेललं की भार टाचांवर जातो आणि दोन्ही पाय एकदम पुढे सटकतात. भीती वाटत असली तरी अंग किंचित पुढे, नजर पुढच्या तीन-चार पावलांवर. बर्फ मऊ असेल तर टाच जोरात रोवत उतरा, तेव्हा टाच हाच ब्रेक असतो. पुढच्या माणसापासून दोन-तीन काठ्यांचं अंतर ठेवा, तो घसरला तर तुम्हाला घेऊन जायला नको. खेचरं आली तर डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीही नाही.

घसरलातच तर पटकन पालथे व्हा आणि हातांनी, कोपरांनी, छातीने बर्फ दाबा. स्पाइक्स नसतील तर बुटांची टोकं रोवा. स्पाइक्स असतील तर पाय गुडघ्यातून वर उचला, कारण वेगात दात अडकला की घोटा मोडतो. हे वाचून जमत नाही. पहिल्या दिवशी तळाजवळच्या छोट्या, मऊ, खाली सपाट जागा असलेल्या उतारावर गाईडला सांगून चार वेळा करून बघा.

केदारकंठ्याहून उतरताना बरेच जण बसून घसरत येतात. मजा येते, खोटं कशाला बोला. पण तीन अटी: स्पाइक्स काढून सॅकमध्ये ठेवलेले, बर्फ मऊ, आणि उतार जिथे संपतो ती जागा डोळ्यांना दिसते आहे. सकाळी लवकर, बर्फ टणक असताना हा खेळ खेळायचा नाही.

शिखराचा दिवस

वरच्या तळावरून पहाटे दोन-तीनला निघतात. त्यामागे सूर्योदयाचं वेड आहेच, पण खरं कारण बर्फ कडक असतानाच चढून जाणं आणि तो चिखल व्हायच्या आत तीव्र उतार उतरणं हे आहे. थंडी उणे दहाच्या आसपास असू शकते. त्यात ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला तर अंगाला ती उणे वीससारखी लागते. त्यामुळे दांड्यावर पोचण्याआधी, झाडांच्या आडोशालाच वरचं जॅकेट आणि जाड हातमोजे चढवा. उघड्यावर सॅक उघडून शोधाशोध करण्यात हात निकामी होतात.

हेडटॉर्चचे सेल आदल्या रात्री स्लीपिंग बॅगेत, अंगाजवळ ठेवा. थंडीत बॅटरी भराभर उतरते. मोबाइलही आतल्या खिशात. पाण्याची बाटली सॅकमध्ये उलटी ठेवा, कारण पाणी वरून गोठायला लागतं आणि मग झाकणाऐवजी बूड गोठतं. नळीवाली पाण्याची पिशवी इथे बिनकामाची, नळी आधी गोठते. खिशात राजगिऱ्याचे लाडू, खजूर, तीळगूळ ठेवा. चॉकलेट दातांनी फुटत नाही, चिक्कीचं तर विचारूच नका. दर तासाभराने थोडं खा आणि दोन घोट पाणी प्या, तहान लागली नसली तरी.

परत फिरायची वेळ आदल्या रात्रीच ठरवा. गाईडशी बोलून एक तास ठरवायचा आणि तो वाजला की जिथे असाल तिथून मागे. वर पोचल्यावर स्वर्गारोहिणी, बंदरपूंछ, काळानाग समोर उभे असतात आणि खाली जावंसं वाटत नाही. पण दहाच्या सुमारास ऊन चढतं आणि उतार सैल पडायला लागतो. डिसेंबर-जानेवारीत तिथे सव्वापाच-साडेपाचलाच सूर्य मावळतो, मुंबईपेक्षा बराच आधी. मुंबईच्या अंदाजाने चाललात तर शेवटचं जंगल अंधारात येतं.

गढवाली गाईडला भैजी म्हणतात. भैजी ‘आज नहीं’ म्हणाले की वाद घालू नका. पैसे भरलेत, रजा टाकली आहे, हे त्यांना ऐकवून उपयोग नसतो.

अंग काय सांगतंय

समुद्रसपाटीवरून दोन दिवसांत तुम्ही सांकरीत पोचता आणि आणखी तीन दिवसांत ३८०० मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६३ टक्के असतो. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, चक्कर ही उंची बाधत असल्याची चिन्हं. ती लपवू नका. लक्षणं असताना आणखी वर जायचं नाही. वाढत असतील तर खाली उतरायचं, रात्र असली तरी. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकल्यातून फेस येत असेल, किंवा सरळ रेषेत टाचेला बोटं लावत चालता येत नसेल, तर एक मिनिटही थांबू नका.

थंडीचा झटका अधिक चोरपावलांनी येतो. शरीराचं आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की माणूस अडखळतो, हातातल्या वस्तू पडतात, जीभ जड होते, विनाकारण चिडतो. त्याला स्वतःला ते कळत नाही, म्हणून एकमेकांवर लक्ष ठेवा. आडोसा, कोरडे कपडे, स्लीपिंग बॅग, आणि शुद्धीवर असेल तर गरम गोड पाणी. थरथर थांबली आणि माणूस गप्प झाला तर बरं वाटतंय असं समजू नका. ते बिघडल्याचं लक्षण आहे. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातल्या सहस्रतालच्या ट्रेकवर खराब हवामानात कर्नाटकातल्या नऊ जणांचा मृत्यू झाला. महिना जूनचा होता.

बोटं पांढरी पडून बधिर झाली तर काखेत किंवा पोटाशी धरून ऊब द्या. चोळायचं नाही, त्यावर बर्फ तर मुळीच नाही, शेकोटीवरही धरायची नाहीत, कारण बधिर बोटाला भाजलेलं कळत नाही.

दारूने अंग गरम होत नाही. त्वचेकडे रक्त जास्त जातं म्हणून तसं वाटतं, आणि आतली उष्णता उलट लवकर निघून जाते. थर्टी फर्स्ट सांकरीत आल्यावर करा.

तळावरची रात्र

तंबूत पोचताच ओले मोजे काढा. झोपण्यासाठी एक कोरडा जोड वेगळा ठेवा आणि तो बाहेर चालायला कधीही वापरू नका. बुटाच्या आतले सोल काढून स्लीपिंग बॅगेत घ्या, बूट प्लास्टिकच्या पिशवीत घालून पायाशी ठेवा, नाहीतर सकाळी लाकूड होऊन बसतात. घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून ती मोज्यात घालून मांड्यांमध्ये धरा. रात्री लघवीला जायचा कंटाळा करून पाणी कमी पिऊ नका.

शेगडी, निखाऱ्यांची अंगीठी, स्टोव्ह तंबूत किंवा बंद खोलीत ठेवून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपलेला माणूस उठत नाही. होमस्टेमध्ये मालकांनी प्रेमाने निखारे आणून दिले तरी झोपण्याआधी ते बाहेर ठेवा.

घरी आल्यावर

मुंबईच्या दमट हवेत स्पाइक्स चार दिवसांत गंजतात. स्वतःचे असतील तर गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, तेलाचा हात फिरवून ठेवा. बूट कागदाचे बोळे कोंबून पंख्याखाली वाळवा, उन्हात किंवा गीझरजवळ ठेवलेत तर तळ सुटतो. पिसांचं जॅकेट पिशवीत दाबून कपाटात टाकू नका. हँगरला लावून ठेवा आणि पावसाळ्यात अधूनमधून बाहेर काढून वारा लागू द्या, नाहीतर पुढच्या डिसेंबरात त्याला बुरशीचा वास येतो.